फराहबाग
अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील निजामशाहीकालीन उद्यान-महाल. पूर्ण नाव फराहबक्ष. अर्थ ‘आनंद देणारा’. लोकांच्या बोलण्यात ‘फऱ्याबाग’. शहराच्या आग्नेयीस असलेली ही वास्तू एके काळी विस्तीर्ण बागेतील तलावाच्या मध्यभागी उभी होती. बाग नाहीशी झाली, तलाव बहुतेक कोरडा असतो. महाल मात्र भग्नावस्थेत टिकून आहे.

नियामतखानाने उभारलेली पहिली इमारत पसंत न पडल्यामुळे ती पाडण्यात आली आणि पुढे मुर्तझा निजामशाह (पहिला) याचा वजीर सलाबतखान (दुसरा) याने नवा महाल १५८३ मध्ये पूर्णत्वास नेला. मुर्तझा हा एकांतप्रिय व विक्षिप्त राजा; राज्यकारभार वजिरांवर सोपवून तो लोकांपासून दूर राही. १५८८ मध्ये पुत्र मीरान हुसेन याने त्याचा वध करविला. सलाबतखानाची शाह डोंगरावरील अष्टकोनी कबर मात्र आजही ‘चांदबीबीचा महाल’ या चुकीच्या नावाने ओळखली जाते.

महालाचे विधान चौरसाचे कोपरे छाटून केलेल्या अष्टकोनाचे आहे. चारही मुख्य बाजूंस उंच, टोकदार कमानींची खोल दर्शनी दालने असून मधोमध दुमजली उंचीचे घुमटाकार दालन आहे. त्याभोवती दोन मजल्यांवर लहान खोल्या व त्यांना जोडणारे मार्ग आहेत. वर सपाट गच्ची आहे. बांधकाम दगडचुन्याचे, गिलावा चुन्याचा. तलावावरून येणारा वारा कमानींतून आत खेळावा व दालन थंड राहावे, अशी ही योजना आहे. म्हणून पाणी हे येथे शोभेचे साधन नसून वास्तूचाच एक घटक होते. ते भोवतालच्या उंच भागांतून उताराच्या साहाय्याने खापरी नळांनी आणले जाई. असे नळ नगरात अनेक ठिकाणी होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने औरंगाबादला आणलेली नहर याच परंपरेतील होय.

ताजमहालाची कल्पना शाहजहानला येथेच सुचली, अशी आख्यायिका स्थानिक मार्गदर्शक आवर्जून सांगतात. तिला आधार नाही. छाटलेल्या कोपऱ्यांचे मध्यघुमटी विधान इराण व मध्य आशियातून आलेले आहे आणि ते दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीत (सु. १५७०) आधीच दिसते. ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे अष्टस्वर्ग, हे त्याचे फार्सी नाव नगरच्याच दुसऱ्या शाही बागेला मिळाले होते.

लंडनजवळील क्यू उद्यानातील छोटा राजवाडा (१६३१) बागेसह जपला गेला, त्यामुळे पाहणाऱ्यास दोहोंचा संबंध सहज उमगतो. फराहबागेत तो मनाने जोडावा लागतो. कोरड्या तळातून महालाकडे जाताना दोन्ही बाजूंस पाणी होते हे ध्यानी घेतले, तरच कमानींची उंची व त्यांच्या दिशा अर्थपूर्ण वाटतात. गिलावा पडून उघड्या झालेल्या भिंतींत बांधणीच्या जोडण्या स्पष्ट दिसतात. पडझड सांधताना मूळच्या चुन्याऐवजी सिमेंट वापरल्यास ओल भिंतीत कोंडून नुकसान वाढते. पाण्याची व्यवस्था पुन्हा उभी करण्यापेक्षा प्रथम हे टाळणे अधिक निकडीचे आहे.