गोळी चालू, काळजाकडेही लक्ष

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाला तलावाचे पाणी लागते. पाटात गाळ साचला तर काय होते? पाणी अडते, बांधी सुकते. आपल्या अंगातही असे पाट आहेत. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. हृदयाला, म्हणजे काळजाला, रक्त पुरवणारी वाहिनी चरबीच्या गाळाने बंद पडली, की झटका येतो.

हा गाळ कोणालाही साचतो. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला तो लवकर साचू शकतो. का, ते ऐका. गोळ्यांनी एचआयव्हीचे जंतू दबतात, पण पुरते जात नाहीत. राखेखाली निखारा राहतो ना, तसे ते राहतात. त्या धगीने रक्तवाहिन्या आतून सुजतात. सुजेच्या जागी चरबी धरते.

“मग गोळ्या सोडाव्या का?” असे कोणी विचारील. मुळीच नाही! गोळ्या सोडल्या तर निखाऱ्याची आग होते. २००६ साली एका मोठ्या अभ्यासात दिसले, की गोळ्या मधूनच थांबवणारे जास्त दगावले. काळजाचे विकारही त्यांनाच जास्त झाले. म्हणून तेंदूपत्त्याला जंगलात मुक्काम असला, तरी गोळ्या सोबत न्याव्या.

सरकारने २००४ साली या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. माणसे जगली, साठी पाहू लागली. वाचलेला माणूस झटक्याने जाऊ नये, म्हणून आम्ही हे सांगतो.

एआरटी केंद्रात गोळ्या आणायला जाल, तेव्हा डॉक्टरांना सांगून तीन गोष्टी तपासून घ्या : रक्तदाब, रक्तातली साखर आणि रक्तातली चरबी. रक्तदाब गावच्या उपकेंद्रातही मोजतात. तो १४० वर ९० किंवा जास्त निघाला, तर डॉक्टरांना दाखवा. ‘काही दुखत नाही’ म्हणून बसू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा कळतच नाही.

चरबी कमी करण्याचीही गोळी असते. भारतासह १२ देशांत एचआयव्ही असलेल्या ७,७६९ लोकांवर अशी एक गोळी पारखली. २०२३ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत झटका, लकवा अशी संकटे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. ती आपल्याला हवी का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने घेऊ नका.

आणि खर्रा? तो सुटलाच पाहिजे, बाबांनो! तंबाखू काळजाचा वैरी आहे. छातीत दाब, घाम, धाप असे एकदम झाले, तर लगेच १०८ ला फोन करा.

दर वेळचा रक्तदाबाचा आकडा तारखेसह वहीत मांडा. आता तुम्हाला लिहिता येते. मग दुसऱ्याला कशाला विचारायचे?