पांढरीच्या मातीची गढी

सुरतेहून तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग ज्या खानदेशातून जात असे, तेथील पाटील-देशमुखांच्या गढ्या, म्हणजे जाड तटभिंतीआड राहते घर, धान्याची पेवे आणि गोठा सामावणारे वाडे, आपल्याकडील कृषिजीवनाचे सर्वांत बोलके अवशेष होत. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या घरांची माती मुरून झालेली ही पांढरीच गढीच्या भिंतींत रचली जाई. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५च्या सुमारास झालेल्या उत्खननात अशाच पांढरीच्या टेकाडाखाली ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांत अनेक शेतवाड्यांभोवती पाण्याचे खंदक खणले गेले. खानदेशातील गढ्यांत मात्र संरक्षणाचा भार मातीनेच वाहिला, आणि पावसाने बुरूज ढासळला की त्यातून कधी जुन्या खापरांचे तुकडे उघडे पडतात.