कोण कुणाला चिकटतं? : फोम बोर्डचं मॉडेल आणि योग्य गम

टेक्निकल एक्झिबिशन जवळ आलं की आपल्या होस्टेलचं वर्कशॉप होऊन जातं. कॉटवर फोम बोर्ड, टेबलावर कटर आणि खाली नुसता कचरा! कुणी एकबुर्जी धरण बनवतं, कुणी समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज, तर कुणी वाशिमचं बालाजी मंदिर. डिझाइनवर आठ-आठ दिवस डोकं लावतात आणि गम मात्र दुकानात जो मिळेल तो आणतात. मग ऐन सकाळी भिंत सुटते, नाहीतर बोर्डालाच खड्डा पडतो. सगळे म्हणतात, "गम डुप्लिकेट निघाला." पण बऱ्याचदा गम चांगलाच असतो, फक्त तो चुकीच्या मटेरियलवर लावलेला असतो.

म्हणून "सगळ्यात स्ट्राँग गम कोणता?" असं विचारूच नका. दोन प्रश्न विचारा : मी काय चिकटवतोय? आणि हा गम वाळतो कसा?

आधी बोर्ड ओळखा

फोम बोर्ड म्हणजे मध्ये पॉलिस्टायरीनचा फोम आणि दोन्ही बाजूंना जाड कागद. सनबोर्ड दिसायला तसाच, पण तो आरपार पीव्हीसीचा असतो, त्याला कागद नसतो. थर्माकोल हे फोम बोर्डच्या पोटातलंच पॉलिस्टायरीन, फक्त दाण्यांचं. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक तुकडा मोडून बघा. दाणे सुटले तर थर्माकोल. कोपऱ्यातून नखाने कागद निघाला तर फोम बोर्ड. दोन्ही नाही, तर बहुतेक सनबोर्ड. (सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.)

गम वाळतो चार प्रकारे

१) पाणी जाऊन : आपला पांढरा फेविकॉल. पूर्वी सुतार सरस गरम करून वापरायचे. १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणला आणि ती कटकट संपली. यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात, कागदात शोषलं जातं, कण एकमेकांत मिसळतात आणि पांढरा थर पारदर्शक होतो. म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट पाहिजे! फोम बोर्डच्या कागदाला हा बेस्ट. सनबोर्डवर मात्र पाणी आत जात नाही, थर नीट धरत नाही आणि नखाने सोलून निघतो. फेविकॉल पातळच लावा, जास्त झाला तर कागद फुगून बोर्ड वाकतो. आणि साध्या फेविकॉलचा जोड पाण्यात मऊ पडतो. धरणाच्या मॉडेलमध्ये खरं पाणी भरायचं असेल तर आत प्लास्टिकचा ट्रे ठेवा.

२) सॉल्व्हंट उडून : फेविबॉण्डसारखे पिवळे रबरी गम. दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला चिकटेनासे झाले की दाबायचे. रबर, चामडं, रेक्झिनला मस्त. पण यातली टोल्युइनसारखी सॉल्व्हंट पॉलिस्टायरीनला विरघळवतात. फोममध्ये बहुतेक हवाच असते, त्यामुळे प्लास्टिकची पातळ भिंत विरघळली की सगळं खाली बसतं. तो खड्डा असा पडतो! कागदाच्या बाजूवर एक वेळ चालेल, पण कापलेल्या कडेला अजिबात नाही. स्प्रे पेंटचंही तेच.

३) थंड होऊन : ग्लू गन. मिनिटभरात पक्कं, कॉलेजात सगळ्यांची लाडकी. पण पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि गनमधली कांडी त्याहून गरम असते. म्हणून लो-टेम्परेचर गन घ्या, थेंब कागदावर टाका, दोन सेकंद थांबा, मग दाबा. आपल्याकडचा उन्हाळाही विसरू नका. बंद गाडीत दुपारभर ठेवलेल्या मॉडेलचे जोड ढिले पडू शकतात.

४) ओलाव्याशी रिॲक्शन होऊन : फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. पृष्ठभागावरचा किंचित ओलावा मिळाला की याचे रेणू साखळीत जोडले जातात. सनबोर्डला हा उत्तम. उघड्या फोमला मात्र साधं फेविक्विक खातं. शिवाय जोड कडक आणि ठिसूळ असतो, मॉडेल आपटलं की तुटतो.

मोटर किंवा लोखंडी रॉड बसवायचा असेल तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटसारखा, घ्या. त्यात फोम खाणारं सॉल्व्हंट सहसा नसतं आणि धातूलाही धरतो.

जोड कसा करायचा?

पाच मिलिमीटरच्या कडेवर उभी केलेली भिंत कोणत्याही गमने डगमगणारच, कारण चिकटायला जागाच नाही. एका बोर्डच्या कडेला दुसऱ्याच्या जाडीइतकी पट्टी आखा. आतला कागद आणि फोम कापून काढा, बाहेरचा कागद तसाच ठेवा. त्या खाचेत दुसरी भिंत बसवा. जागा जवळपास दुप्पट मिळते आणि कोपऱ्यावर फोम दिसत नाही. वाळेपर्यंत टाचण्या किंवा मास्किंग टेप लावा. फेविकॉल अर्ध्या तासात धरतो, पण पूर्ण ताकद यायला रात्र जाऊ द्या. पावसाळ्यात आणखी वेळ लागतो. म्हणजेच "रात्री बनवू, सकाळी ठेवू" हा प्लॅन फेविकॉलला मान्य नाही!

आणि हे प्लीज वाचा

रबरी गमची वाफ पेट घेते. खिडकी बंद, मच्छर अगरबत्ती चालू आणि डबा उघडा, असं रूमवर करू नका. त्या वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते. हे काम गॅलरीतच करायचं. फेविक्विक सांडलं तर कापसाने किंवा सुती कपड्याने पुसू नका, सुतावर ते इतकं गरम होतं की चटका बसतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा.

शेवटी एकच सांगणं. बोर्ड कापताना उरलेले तुकडे फेकू नका. नवा गम आधी त्या तुकड्यावर लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून बघा. कागद फाटला पण जोड सुटला नाही, तर समजा गम बरोबर आहे. लॅबमध्ये आपण काँक्रीटचे क्यूब फोडून बघतोच ना? मग आपल्या मॉडेलला एवढी टेस्ट नको? ऑल द बेस्ट!