आणीबाणीचा हिशोब कुणी दिला? ‘राजकीय उत्तरदायित्व’ संशोधनात तपासायचं कसं



गेल्या महिन्यात पेटची तयारी करणारा एक ज्युनिअर चार पुतळ्याजवळ चहा प्यायला भेटला. तो राज्यशास्त्राचा, मी रसायनशास्त्राचा. त्याला ‘लोकशाहीवरील हल्ला आणि राजकीय उत्तरदायित्व’ या विषयावर सिनॉप्सिस लिहायचा होता. पण सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘उत्तरदायित्व म्हणजे नक्की काय तपासणार?’ आणि तिथेच गाडी अडली. मला म्हणाला, “दादा, हे तर मत झालं की ओ. मोजायचं कसं?”

हा प्रश्न फक्त त्याचा नाही. मोठा शब्द घ्यायचा आणि त्याचे तपासता येतील असे तुकडे करायचे, हे कोणत्याही शाखेच्या संशोधनात करावंच लागतं. त्यालाच आपण कार्यकारी व्याख्या म्हणतो. आज आपण हेच एका खऱ्या प्रकरणावर करून पाहूया.

लॅबमधले तीन प्रश्न

एम.एस्सी.ला असताना आमच्या बॅचमध्ये एकदा हॉटप्लेटवरच्या सॉल्व्हंटने पेट घेतला. कुणाला इजा झाली नाही. आग विझल्यावर तीन प्रश्न आले. काय घडलं? जबाबदार कोण? पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं?

तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडली. पहिल्याचं उत्तर नोंदवहीत आलं. दुसऱ्यावर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी सगळे गप्प बसले. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे भिंतीवर लागलेला नवा नियम. तो पुढच्या बॅचलाही लागू झाला.

राजकारणातही हेच तीन प्रश्न वेगळे ठेवायचे. त्यांना सोयीसाठी सत्याची कसोटी, शिक्षेची कसोटी आणि नियमाची कसोटी म्हणूया. एका कसोटीत पास झालेला देश दुसरीत नापास होऊ शकतो. म्हणून ‘उत्तरदायित्व होतं की नव्हतं’ असा एकच प्रश्न विचारला की संशोधन फसतं.

आधी एक अडचण: ‘बंड’ कुणी ठरवायचं?

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं गेली, पोलीस चौक्या आणि कोर्ट जळाले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत इथे मार्शल लॉ होता. साधी गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ज्या चौकात आम्ही चहा पीत होतो, तिथे त्यांचेच पुतळे आहेत.

बंड झालं हे ठरवणारं सरकार, ते मोडणारं सरकार आणि नंतर चौकशी करणारंही तेच सरकार. त्या सरकारला सोलापूरच्या लोकांनी निवडलेलं नव्हतं, त्यामुळे जाब विचारायची सोयच नव्हती. ‘बंड’, ‘अशांतता’, ‘देशाला धोका’ हे शब्द वापरण्याचा अधिकार एकाच हातात गेला, तर तो शब्दच हत्यार होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पंचेचाळीस वर्षांनी तो स्वतंत्र भारतात पुन्हा येतो, आणि या वेळी सरकार निवडून आलेलं असतं.

२५ जून १९७५

लोकशाहीवर हल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर इमारतीवर चाल करून जाणारा जमाव येतो. पण सत्तेवर बसलेली माणसं कायद्याचीच कलमं वापरून लोकशाही थांबवू शकतात. अभ्यासक या प्रकाराचा वेगळा विचार करतात. भारतातलं जवळचं उदाहरण म्हणजे आणीबाणी.

क्रम असा आहे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली. २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि सैन्याने बेकायदा हुकूम पाळू नयेत असं आवाहन केलं. सरकारने पुढे याच आवाहनाकडे बोट दाखवलं. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी कलम ३५२ खालील उद्घोषणेवर सही केली. कारण दिलं होतं ‘अंतर्गत अशांतता’. मंत्रिमंडळाला ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी सकाळी, सही झाल्यानंतर.

हे २१ मार्च १९७७ पर्यंत चाललं. शाह आयोगाच्या आकड्यांनुसार मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे १ लाख १० हजार लोकांना स्थानबद्धता किंवा अटक झाली. आता तिन्ही कसोट्या लावूया.

पहिली कसोटी: सत्य

मे १९७७ मध्ये जनता सरकारने माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने १९७८ मध्ये तीन अहवाल दिले. देशात कायदा-सुव्यवस्था कोलमडल्याचा पुरावा आणीबाणीच्या आधीच्या सरकारी कागदपत्रांत दिसत नाही, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष. इंदिरा गांधी आयोगासमोर आल्या, पण त्यांनी शपथ घेऊन साक्ष द्यायला नकार दिला.

म्हणजे सत्याच्या कसोटीत आपण बऱ्यापैकी पास झालो. पण एक मेख आहे. १९८० मध्ये सत्ता पालटल्यावर हे अहवाल मिळेनासे झाले. तमिळनाडूचे माजी खासदार एरा सेळियन यांनी जवळच्या प्रतीवरून ते २०१० मध्ये पुन्हा छापून आणले. संशोधन करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. सत्य शोधलं गेलं एवढ्याने भागत नाही, ते कुणाच्या तरी कपाटात टिकावंही लागतं.

दुसरी कसोटी: शिक्षा

इथे निकाल स्पष्टपणे वाईट आहे. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक झाली, पण ती भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून. दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडलं. आयोगाचा पहिला अहवाल यायला तेव्हा अजून पाच महिने होते. म्हणजे पुरावा गोळा व्हायच्या आधी अटक आणि मूळ प्रश्न सोडून भलताच आरोप. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर अभिक्रिया पूर्ण होण्याआधीच फ्लास्क उचलला.

खास न्यायालयांचा कायदा १९७९ मध्ये आला. तोपर्यंत जनता सरकारच मोडत आलं होतं. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परत आल्या आणि आणीबाणीचे खटले तडीस गेलेच नाहीत.

मग कुणालाच किंमत मोजावी लागली नाही का? लागली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकार पाडलं, खुद्द रायबरेलीत पंतप्रधान राजनारायण यांच्याकडून हरल्या. पण त्याच मतदारांनी तीन वर्षांनी त्यांना परत आणलं. मतपेटीतलं उत्तरदायित्व आणि न्यायालयातलं उत्तरदायित्व एकच धरू नका. मतदार महागाई, भांडखोर सरकार, स्थानिक उमेदवार असं सगळं एका शिक्क्यात सांगतो. त्यातून ‘आणीबाणीला माफी मिळाली’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे.

तिसरी कसोटी: नियम

सर्वांत टिकाऊ काम इथे झालं. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती स्पर्धा परीक्षेसाठी आपण पाठ करतो, पण ती चुकांच्या यादीसारखी वाचली की वेगळीच दिसते.

१. चूक: ‘अंतर्गत अशांतता’ हा कितीही ताणता येणारा शब्द. दुरुस्ती: कलम ३५२ मध्ये त्या जागी ‘सशस्त्र उठाव’. संप, मोर्चा किंवा भाषण आता पुरेसं कारण नाही.

२. चूक: मंत्रिमंडळाला नंतर कळलं. दुरुस्ती: केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा नाही.

३. चूक: संसदेची मंजुरी दोन महिन्यांत आणि साध्या बहुमताने. दुरुस्ती: एका महिन्यात, विशेष बहुमताने आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. शिवाय लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी नोटीस दिली तर चौदा दिवसांत खास बैठक.

४. चूक: जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयात जाता येत नव्हतं. दुरुस्ती: कलम २० आणि २१ ची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येणार नाही.

पण ‘नियम बदलला, विषय संपला’ असंही नाही. याच दुरुस्तीच्या कलम ३ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेवरची बंधनं होती. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांऐवजी दोन महिने आणि मंडळ न्यायाधीशांचं. हे कलम लागू करण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली आणि गेली. विनाखटला तुरुंगात टाकण्याचा अधिकार विरोधात असताना वाईट वाटतो आणि सत्तेत आल्यावर उपयोगाचा वाटतो. त्यामुळे नियमाची कसोटी लावताना कायदा मंजूर झाला का, हे पाहून थांबू नका. तो अंमलात आला का, तेही तपासा.

न्यायालयाचा हिशोब

उत्तरदायित्व फक्त पुढाऱ्यांचं नसतं. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला. आणीबाणीत स्थानबद्ध माणूस सुटकेसाठी न्यायालयात दाद मागू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांमध्ये पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल मोडीत काढला. त्या निकालपत्राचे एक लेखक होते त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. मध्ये गेली एक्केचाळीस वर्षं. चूक कबूल व्हायला लागलेला वेळ हाही एक मोजता येणारा आकडा आहे.

इतर देशांशी तुलना

तीच फूटपट्टी बाहेर लावून पाहा. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेत घुसला. काँग्रेसच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये सविस्तर अहवाल दिला, पंधराशेहून जास्त लोकांवर आरोप ठेवले गेले. पण २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी त्यातल्या बहुतेकांना माफी दिली, काहींच्या शिक्षा कमी केल्या. ब्राझीलमध्ये ८ जानेवारी २०२३ रोजी तसाच हल्ला झाला. तिथे निवडणूक न्यायालयाने त्याच वर्षी वेगळ्या प्रकरणात माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांना २०३० पर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्तापालटाच्या कटासाठी सत्तावीस वर्षांहून जास्त शिक्षा सुनावली.

भारत आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी एक साम्य दिसतं. शिक्षेची प्रक्रिया पुढच्या निवडणुकीच्या आत संपली नाही, तर निवडणूकच तिचा निकाल लावते. तीन देशांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण तपासण्यासारखं गृहीतक नक्कीच मिळतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पहिलं, तीन कसोट्या तीन वेगळी चलं म्हणून ठेवा आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा. सत्यासाठी आयोगाचे अहवाल, शिक्षेसाठी न्यायालयाचे निकाल, नियमासाठी घटनादुरुस्ती आणि तिच्या अधिसूचना.

दुसरं, काळाची मर्यादा आधी ठरवा. १९७९ ला थांबलात तर निष्कर्ष एक येईल, १९८० ला थांबलात तर दुसरा, २०१७ ला तिसरा.

तिसरं, आपल्या आवडत्या पक्षाला सूट देऊ नका. महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंदिवानांचं मानधन २०१८ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये बंद झालं आणि २०२२ मध्ये परत सुरू झालं. दर वेळी सरकार वेगळं होतं. आठवणसुद्धा सत्तेबरोबर बदलते, म्हणून मुलाखती घेताना तारीख आणि संदर्भ नोंदवायला विसरू नका. मिसातले बंदिवान आता वयोवृद्ध झाले आहेत. ज्यांना या विषयावर काम करायचं आहे, त्यांनी मुलाखती पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.

ज्युनिअरने सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. शीर्षकातला ‘लोकशाहीवरील हल्ला’ काढून त्याने ४४ व्या दुरुस्तीचं ते लागू न झालेलं कलम घेतलं. विषय लहान झाला, पण आता त्याला रोज सकाळी उठून नेमकं काय शोधायचं हे माहीत आहे.

भेटूया पुढच्या लेखात. अभ्यास चालू ठेवा.