काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

घरची भाजी, साधं जेवण, दारात एखादं कुत्रं-मांजर आणि चार कोंबड्या एवढ्यावर गावाकडे कमी पैशांत नीट राहता येतं. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. पण या राहणीभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत. काहींपायी कष्ट वाया जातात, काहींपायी पैसा, आणि एक-दोन तर थेट जिवावर बेततात. त्या वेळीच दुरुस्त केल्या तर ही राहणी खऱ्या अर्थाने सुखाची होते.

गैरसमज: परसबागेला भरपूर जागा आणि पाणी लागतं.

वस्तुस्थिती: दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यातही भाजी होते, जागेपेक्षा ऊन महत्त्वाचं. वांगी, मिरची, भेंडी, टोमॅटो यांना दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं. पालेभाज्या थोडी सावली सोसतात. मेथी महिनाभरात काढणीला येते, मुळा साधारण दीड महिन्यात. म्हणून सगळं बी एकदम न पेरता दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरला, तर एकाच वेळी ढीगभर भाजी येऊन वाया जात नाही. दोडका, कारली, दुधी मांडवावर चढवले की खालची जमीन मोकळी राहते. शेवग्याचं झाड एकदा जगलं की वर्षानुवर्षं शेंगा देतं, आणि त्याचा कोवळा पालाही भाजीला चालतो.

पाण्याचंही तसंच. वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन केलं की ओल टिकते. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ उत्तम पोसतात. ते पाणी कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर मात्र घालू नये. एक मर्यादाही आधीच मान्य करावी: परसातून भाजीचा खर्च वाचतो. धान्य, डाळ, तेल बहुतेकांना विकतच आणावं लागतं.

गैरसमज: घरचं बी धरलं की दरवर्षी तेच पीक येतं.

वस्तुस्थिती: ते बियाणं कोणतं यावर ठरतं. पाकिटातलं संकरित बियाणं पहिल्या वर्षी भरघोस येतं, पण त्याच्या फळातलं बी लावलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. देशी वाणाचं बी धरता येतं. त्यातही वाल, घेवडा, वाटाणा, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होतं, म्हणून वाण शुद्ध राहतो. भोपळा, दुधी, काकडी यांचे पराग मधमाश्या इकडून तिकडे नेतात, त्यामुळे जवळपास दुसरा वाण असेल तर सरमिसळ होते.

बी धरणं हे कौशल्याचं काम आहे. सर्वांत जोमदार वेल निवडायची, तिच्यावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा तोडायच्या नाहीत, वेलीवरच खडखडीत वाळू द्यायच्या. मग दाणे काढून सावलीत वाळवायचे आणि कोरड्या राखेत मिसळून मडक्यात भरून ठेवायचे. राख ओल शोषते आणि भुंग्याला अटकाव करते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बी असंच जपून बीजबँक उभी केली. त्यांना 2020 सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अशा घरोघरच्या बायकांच्या ज्ञानाचाच गौरव झाला.

याच मुद्द्याशी जोडलेली एक धोक्याची गोष्ट. घरच्या बियांवरचा दुधी कधी कधी कडू निघतो. ‘कडू ते औषधी’ म्हणून त्याचा रस पिणं जिवावर बेतू शकतं. त्यातल्या कुकुर्बिटासिन या विषारी घटकामुळे उलट्या आणि पोटात रक्तस्राव होतो; अशा रसाने माणसं दगावली आहेत. दुधी चिरला की लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर फेकून द्यावा, आणि त्या वेलीचं बी धरू नये.

गैरसमज: झाडपाल्याची फवारणी निर्धोकच असते.

वस्तुस्थिती: झाडांतही विष असतं. पाच टक्के निंबोळी अर्क हा घरगुती बागेला चांगला उपाय आहे: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची आणि फडक्याने गाळून संध्याकाळी फवारायची, कारण कडक उन्हात त्यातला प्रभावी घटक लवकर निकामी होतो. तंबाखूचा काढा मात्र टाळावा. त्यातलं निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. दशपर्णी अर्कात कण्हेर, धोतरा यांसारखा विषारी पाला घालतात. तो उकळायला किंवा कालवायला स्वयंपाकाचं भांडं घेऊ नये, फवारताना नाक-तोंड झाकावं आणि भाजी लगेच तोडू नये.

गैरसमज: जी घाण ती सगळी खतच.

वस्तुस्थिती: ताजं शेण वाफ्यात घातलं तर कुजताना उष्णता होते, मुळं दुखावतात आणि हुमणीला आमंत्रण मिळतं. काही महिने कुजून ते चहाच्या भुकटीसारखं भुसभुशीत झालं आणि वास गेला, की वापरावं. स्वयंपाकघरातला ओला कचरा एकट्याने सडतो. त्यात सुका पाला मिसळला की नीट कुजतो. कुत्र्या-मांजरांची विष्ठा मात्र भाजीच्या खतात कधीच नको. तिच्यातून जंत आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी पसरतात, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असतो. मोकळ्या मऊ वाफ्यात मांजर हमखास बसतं, म्हणून पेरणीनंतर वर काटेरी फांद्या टाकाव्यात आणि मातीत काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

गैरसमज: भाकरी-आमटीने पोट भरतं, पोषण होत नाही.

वस्तुस्थिती: ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळी-कडधान्यं पुरवतात, डाळींत कमी असलेलं मेथिओनिन धान्यातून मिळतं. दोन्ही एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की पुरतं. मटकीला मोड आणले की क जीवनसत्त्व वाढतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर उलटं होतं. शाकाहारी घरात दूध, दही, ताक असावं, कारण बी-12 भाज्यांतून मिळत नाही.

पैसे आणि पोषण दोन्ही वाया जातात ते करण्याच्या पद्धतीत. भाजी चिरून मग धुतली तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात, आधी धुवावी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातला तर बी-1 नष्ट होतं. त्यापेक्षा कडधान्य रात्री भिजत घालावं, झाकण ठेवून शिजवावं. इंधन तिथे वाचतं. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं टाकू नयेत. अळूला मात्र चिंच किंवा आमसूल लावून ते नीट शिजवावं, नाहीतर त्यातल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो.

गैरसमज: तपकिरी अंडं जास्त पौष्टिक, आणि कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत.

वस्तुस्थिती: कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्याने पोषण बदलत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. चार कोंबड्यांना उरलं धान्य आणि परसातले किडे बरेच पुरतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र चुकवू नये. रोग आला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं.

गैरसमज: मांजराला दूध आणि कुत्र्याला उष्टं दिलं की झालं.

वस्तुस्थिती: बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं, त्यामुळे दूध-पोळीवर ते निरोगी राहत नाही. कुत्र्याला भाकरी पचते, पण नुसत्या भाकरीवर भागत नाही. जोडीला अंडं किंवा मांस हवं. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहेत. आमटी-रश्शात कालवलेली उष्टी भाकरी घालताना हे लक्षात ठेवावं. शिजलेली हाडंही देऊ नयेत. ती फुटून आतडं फाडतात.

गैरसमज: घरच्या कुत्र्याच्या चाव्याला हळद-चुना पुरतो.

वस्तुस्थिती: घरचं कुत्रं बाहेर फिरतं, दुसऱ्यांशी भांडतं, त्यालाही रेबीज होऊ शकतो, मांजरालाही. एकदा लक्षणं दिसली की हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती आता जुनी झाली. हल्ली लस दंडात देतात, ठरावीक दिवशी चार-पाच वेळा, आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही लागतं. पहिल्या इंजेक्शनाने बरं वाटलं म्हणून पुढची चुकवू नयेत. आपल्या कुत्र्या-मांजराला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस द्यावी, आणि डॉक्टर सांगतील तसं ती पुन्हा देत राहावी.

काटकसर करावी ती पाण्यात, इंधनात, बियाण्यात, टाकून दिल्या जाणाऱ्या पाल्यात. लसीत, जखम धुण्यात आणि जनावराच्या खाण्यात ती करू नये. आपण दारात आणलेला जीव आपल्यावरच अवलंबून असतो, त्याचा खर्च परसबागेतून वाचलेल्या पैशांतून पहिल्यांदा बाजूला काढावा.