प्रायोगिक नाटकासाठी क्राउडफंडिंग: क्यूआर कोड शेअर करण्याआधीचं गणित

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘आमचं नवं नाटक येतंय, खाली क्यूआर आहे, जमेल तेवढी मदत करा.’ सोबत छान पोस्टर असतं. पण किती पैसे हवेत, ते कोणाच्या खात्यात जाणार, प्रयोग झालाच नाही तर पुढे काय, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग बहुतेक जण एक हार्ट टाकतात आणि पुढे जातात.

नवीन संहिता, नवखे कलाकार आणि शंभर-दीडशे खुर्च्यांचं छोटं सभागृह असलेल्या नाटकाला निर्माता मिळणं अवघड असतं. त्यामुळे प्रेक्षकांकडूनच थोडे थोडे पैसे जमवणं हा खरा मार्ग उरतो. क्यूआर कोड पाच मिनिटांत तयार होतो. वेळ लागतो तो त्याआधीच्या गणिताला. तेच आज समजून घेऊया.

कल्पना जुनीच आहे

वर्गणी आपल्याला नवी नाही. १९७६ साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. त्यात स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड होते. नाटकाचंही उदाहरण आहे. ‘फ्लीबॅग’ ही गाजलेली मालिका आधी एकपात्री नाटक होती. फीबी वॉलर-ब्रिजने २०१३ मध्ये एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवात ते केलं, तेव्हा खर्चासाठी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवले होते. मालिका त्यानंतर तीन वर्षांनी आली.

दोन पद्धती, दोन वेगळी वचनं

पहिली पद्धत ‘सगळं किंवा काहीच नाही’. किकस्टार्टर असंच चालतं. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचा एक रुपयाही जात नाही. (भारतातल्या बँक खात्यावर तिथे मोहीम सुरू करता येत नाही, पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे.) दुसरी पद्धत ‘जमेल तेवढं’. जितके आले तितके तुमचे.

नाटकाला दुसरी पद्धत सोपी वाटते, पण त्यात एक धोका आहे. निम्मे पैसे जमले म्हणून निम्मं नाटक करता येत नाही. सभागृहाचं भाडं पूर्णच भरावं लागतं. म्हणून दोन आकडे ठरवा: पूर्ण बजेट आणि किमान बजेट. किमान म्हणजे ‘एवढ्यात साध्या नेपथ्यावर एक प्रयोग नक्की होतो’ तो आकडा. तोही जमला नाही तर पैसे परत करणार, हे आधीच लिहून टाका. यूपीआयवर पैसे घेतले असतील तर हे परत करणं तुम्हालाच हाताने करावं लागेल. म्हणून किमान आकडा गाठेपर्यंत त्या पैशांना हात लावायचा नाही.

किती मागायचे?

समजा, तीन प्रयोगांचा खर्च असा आहे: सभागृह २४,००० रुपये, तालमीची जागा १२,०००, प्रकाशयोजना आणि ध्वनी २७,०००, नेपथ्य आणि वेशभूषा २०,०००, टेम्पो-प्रवास ९,०००, पोस्टर आणि छपाई ८,०००. एकूण १ लाख. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, रीत हीच.

आता मोहिमेचा स्वतःचा खर्च मिळवा. समजा प्लॅटफॉर्मची फी ५ टक्के, पेमेंट गेटवेची २ टक्के आणि या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांतले सव्वाआठ रुपये वाटेतच जातात. देणगीदारांना द्यायच्या वस्तूंसाठी ४,००० धरले, तर हातात १ लाख ४ हजार पडायला हवेत. त्यासाठी मागायचे साधारण १ लाख १४ हजार.

आता माणसं मोजा. सरासरी ५०० रुपये धरले तर २२८ जण लागतील. ग्रुपमध्ये दहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २३ माणसं. ‘पोस्ट व्हायरल झाली की होईल’ यापेक्षा हा आकडा कामाचा आहे. प्रत्येकाने मोहिमेआधीच आपली २३ नावं लिहून काढावीत.

पैसे कुठे घ्यायचे?

थेट यूपीआयवर फी लागत नाही, हा मोठा फायदा. पण क्यूआर बहुतेक वेळा दिग्दर्शकाच्या वैयक्तिक खात्याचा असतो. मग नाटकाचे पैसे आणि घरभाड्याचे पैसे एकत्र होतात. एखाद्या व्यवहारावर सायबर तक्रार झाली आणि बँकेने खातं गोठवलं, तर सगळं नाटक अडकतं. नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या नावाचं खातं वापरा. नसेल तर निदान फक्त या कामासाठी वेगळं खातं ठेवा आणि ते कोणाचं आहे हे उघड सांगा.

प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. एका साध्या फॉर्मवर नाव, रक्कम आणि हा क्रमांक भरून घ्या. बँकेच्या स्टेटमेंटशी तो जुळवला की कोणाचे पैसे आले, यावर वाद राहत नाही.

परदेशात राहणारे मराठी मित्र मदत करणार असतील तर थांबून विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र एफसीआरए कायद्याखाली येऊ शकते. ओसीआय कार्ड असलं तरी फरक पडत नाही. अशा वेळी सीएला विचारूनच पुढे जा.

बदल्यात काय द्यायचं?

५०० रुपयांना एक तिकीट, १,००० ला तिकीट आणि सही केलेलं पोस्टर, २,००० ला रंगीत तालमीला हजेरी. ही यादी नेहमीची आहे. पण हिशोब करा. शंभर खुर्च्या, तीन प्रयोग म्हणजे ३०० तिकिटं. २२८ देणगीदारांना तिकिटं दिली तर विकायला उरली ७२. म्हणजे तुम्ही मदत गोळा केली नाही, बुकिंगच आधी उघडलं. त्यात चूक काही नाही, पण मग तिकीटविक्रीचं उत्पन्न वेगळं धरू नका.

‘नफ्यात वाटा देऊ’ असं मात्र लिहू नका. तिथे मदत संपून गुंतवणूक सुरू होते, आणि त्याचे कायदे वेगळे आहेत.

तारीख जाहीर करण्याआधी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. ते काम मोहिमेआधीच सुरू करा.

हिशोब दाखवा

एक शीट बनवा आणि फक्त बघता येईल अशी लिंक शेअर करा. जमा, खर्च, शिल्लक आणि बिलांचे फोटो एवढं पुरे. देणगीदारांचे मोबाईल नंबर किंवा यूपीआय आयडी त्यात कधीही टाकू नका. दर आठवड्याला एक छोटा अपडेट द्या: तालमीचा ३० सेकंदांचा व्हिडिओ आणि जमलेला आकडा. प्रयोग पुढे ढकलला तर ते सगळ्यात आधी पैसे देणाऱ्यांना कळलं पाहिजे.

तुम्ही पैसे देणार असाल तर

क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव आणि मेसेजमधलं नाव जुळतंय का, ते बघा. एकूण रक्कम, मुदत आणि ‘नाही जमलं तर काय’ याचं उत्तर शोधा. ‘बक्षीस’ किंवा ‘रिफंड’ मिळवण्यासाठी कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेची तशी नोंदणी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि सगळं ठीक दिसलं तर ५०० रुपये पाठवून थांबू नका, प्रयोगाला जा. रिकाम्या खुर्च्यांसमोर नाटक करायला कोणालाच आवडत नाही.