एका पात्याची दाढी

बौद्ध भिक्खूच्या मालकीच्या म्हणून परंपरेने ज्या आठ वस्तू सांगितल्या आहेत, त्यात चीवरे, भिक्षापात्र, सुई यांच्याबरोबर वस्तराही आहे. म्हणजे अजिंठ्याच्या विहारांत दीड हजार वर्षांपूर्वीही धारेची काळजी घेतली जात असणार.

दुधारी ब्लेडचे पेटंट किंग जिलेट यांना अमेरिकेत १९०४ मध्ये मिळाले. गावोगावच्या सलूनमध्ये हेच ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात बसवतात. घरी मात्र आपण महागड्या कार्ट्रिजकडे वळलो. त्यात पहिले पाते केस ओढते आणि तो मागे सरकायच्या आत पुढचे कापते. टोक त्वचेखाली जाते. राठ, कुरळा केस मग आतच वळतो आणि पुटकुळी येते. एक पाते केस त्वचेलगत कापते, म्हणून असा त्रास असणाऱ्यांनी दुधारी रेझर जरूर वापरून पाहावा.

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धार जाते कशी? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले: केस वाकून धारेवर तिरका रेटला गेला, की पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते तिथून बारीक कपचा उडतो. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो. म्हणून कोमट पाण्याने दाढी दोनतीन मिनिटे भिजवावी, रेझर साधारण तीस अंशांत धरावा आणि दाब अजिबात देऊ नये. त्याचे वजन पुरते.

वापरलेली ब्लेड पत्र्याच्या बंद डबीत साठवा. उघडी फेकली तर कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.